साने गुरुजी : एका डॉक्टरच्या नजरेतून

जून उजाडला की आमच्या वारणा खोऱ्यात दोनच विषय असतात, पाऊस आणि शाळा. ऊस बांधून झालेला असतो, भाताच्या पेरणीची घाई असते आणि वारणानगरच्या दुकानांत वह्या, दप्तरे, रेनकोट यांची गर्दी होते. ११ जूनला शाळा अजून उघडलेल्या नसतात. म्हणून साने गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला शाळाशाळांत होते, पुण्यतिथी मात्र सुट्टीत येते आणि तशीच निघून जाते. मुलांच्या छोट्या चरित्रांतही शेवटचे वाक्य एवढेच असते, की ११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. कसे झाले, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नाही. मला ते कळले तेव्हा मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कितीतरी दिवस ते पटत नव्हते.

गुरुजींनी आपले आयुष्य स्वतः संपवले. ते कसे, हे या लेखातही येणार नाही, पण त्याचे कारण संकोच नाही. अशा घटनेचे तपशील छापले की आधीच काठावर उभ्या असलेल्या वाचकाला धोका वाढतो, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. घडले काय हे मात्र स्पष्ट सांगावे. कुजबुजीने कोणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. सरकारी रुग्णालयातला साधा फिजिशियन आहे, वय पन्नाशीच्या पुढे. पिकावर फवारायचे औषध घेतलेला माणूस रात्री दोन वाजता जीपमधून येतो, तेव्हा पहिला हात आमचा लागतो. मानसोपचारतज्ज्ञ त्यानंतर येतात, तेही जिथे असतील तिथे. म्हणून गुरुजींच्या आयुष्याकडे मी या खुर्चीवरून पाहतो आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात वैभव ओसरले होते. कर्ज, भाऊबंदकी, जप्ती हे सगळे त्या मुलाने पाहिले. शिक्षण आधी दापोलीला, मग औंध संस्थानात आणि मग पुण्यात झाले. घरापासून दूर, दुसऱ्यांच्या आधाराने, कधी अर्धपोटी. पुण्यात शिकत असतानाच १९१७ साली आई यशोदाबाई गेल्या. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. अखेरच्या क्षणी त्याला आईजवळ असता आले नाही. ही बोच आयुष्यभर राहिली, हे ‘श्यामची आई’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुढे एम.ए. झाले आणि १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. या माणसाने मुलांना स्वच्छतेवर भाषणे दिली नाहीत. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवल्या, अस्ताव्यस्त पडलेले कपडे धुतले, घड्या घातल्या. मुले ओशाळली आणि आपोआप नीट राहू लागली. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही ते चालवत. कोणाच्या घरून पैसे आले नाहीत, कोण आजारी आहे, कोण रात्री रडतो, हे सगळे त्यांना माहीत असे. साने सरांचे साने गुरुजी झाले ते इथेच. सहा वर्षेच नोकरी केली, पण महाराष्ट्राने त्यांना कायमचे मास्तर ठरवले.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह आला आणि त्यांनी नोकरी सोडली. मग धुळ्याचा तुरुंग, पुढे थेट त्रिचनापल्लीचा. तिथे दक्षिणेकडच्या कैद्यांकडून ते तमिळ शिकले आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणले. १९३२ मध्ये पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबांची गीतेवरची प्रवचने दर रविवारी होत. ती भराभर उतरवून घेतली गुरुजींनीच. आज घरोघरी असलेले ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या टिपणांमुळे आहे. आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ तारखेच्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाले. दिवसभर तुरुंगातली कामे आणि उरलेल्या वेळात लेखन. एवढ्या वेगाने काम करणारे मन पाहिले की डॉक्टर म्हणून मी थोडा थबकतो. पण त्यावरून काही निदान करणार नाही. ज्याची नाडी पाहिली नाही, ज्याच्याशी समोर बसून बोललो नाही, त्याच्या नावापुढे रोगाचे नाव लिहिणे हा आगाऊपणा आहे. अलीकडे इतिहासातल्या मोठ्या माणसांना आजारांची लेबले लावण्याची हौस वाढली आहे, मला ती आवडत नाही.

निदान नको, पण नोंदी ठेवता येतात. ते हळवे होते, त्यांना चटकन रडू येई, हे त्यांच्या जवळच्यांनी सांगून ठेवले आहे. ‘पत्री’ या संग्रहात देशभक्तीच्या कवितांबरोबर स्वतःविषयीच्या उदासीच्या, आपण काहीच करू शकलो नाही अशा भावाच्या कविताही आहेत. लग्न केले नाही. स्वतःचे असे घर नव्हते, मित्रांची घरे हीच घरे. माणसे भोवती अफाट होती, पण एकाकीपणा गर्दीत कमी होतोच असे नाही.

१९४२ च्या आंदोलनात भूमिगत राहून काम केले, पुन्हा तुरुंग पाहिला. मग आले पंढरपूर. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना, म्हणजे आजच्या भाषेत दलितांना, खुले व्हावे म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर फिरून जागृती केली आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण सुरू केले. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. देश स्वतंत्र होण्याच्या तीन महिने आधी विठोबा सगळ्यांचा झाला, तो या दहा दिवसांनी. पुढच्या वर्षी जानेवारीत गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला, या विचाराने गुरुजी कोसळले आणि त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले.

या उपोषणांविषयी एक सांगतो. उपोषण म्हणजे जीव देणे नव्हे, दोन्हींची गल्लत करू नये. उपोषण चारचौघांत असते. मागणी काय आहे ते सगळ्यांना माहीत असते. डॉक्टर रोज वजन, नाडी, लघवी तपासतात, पेपरात बातमी येते, माणसे तळमळतात, वाटाघाटी करतात आणि शेवटी कोणीतरी हातात फळांच्या रसाचा पेला देतो. पंढरपुरात सारा महाराष्ट्र एका माणसाची नाडी मोजत होता. मनातल्या यातनेला असा मंडप नसतो. तिची मागणी काय हे आत बसलेल्यालाही धड सांगता येत नाही. हाच माणूस तीन वर्षांनी गेला तेव्हा भोवती माणसांची वाण नव्हती, कामाचीही नव्हती.

काम तर भरपूर होते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते आजही चालू आहे. आंतरभारतीची कल्पना मांडली होती. एका प्रांतातल्या तरुणांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथे राहावे, तिथले साहित्य आपल्या भाषेत आणावे. पुतणी सुधा हिला ते पत्रे लिहीत होते. झाडे, पक्षी, नद्या, थोर माणसे, जगातल्या घडामोडी, काय नाही त्यांत! ‘सुंदर पत्रे’ म्हणून ती पुढे निघाली. लहान मुलीला इतके प्रसन्न लिहिणारा माणूस आतून किती थकलेला असेल, हे पत्रावरून कळले नसते. वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. माझ्यापेक्षा लहानच म्हणायचे.

त्यानंतर दोन प्रकारच्या गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. एक गप्प राहण्याची, जी चरित्रांत दिसते. दुसरी जास्त मोहक आहे. स्वातंत्र्यानंतरची सत्तेची हाव, गांधीहत्या, समाजातली विषमता हे त्या संवेदनशील जिवाला सोसले नाही, म्हणून तो निघून गेला. यात खोटे काही नसेलही. त्यांना निराशा आली होती, हे खरे आहे. पण तीच गांधीहत्या, तीच निराशा त्यांच्या कितीतरी सहकाऱ्यांच्या वाट्याला आली. रावसाहेब पटवर्धन आणि आचार्य जावडेकर यांनी ‘साधना’ची धुरा खांद्यावर घेतली, तीही दुःखात असतानाच. एका कारणाने कोणी जात नाही. स्वभाव, रक्तातून आलेले काही, जुन्या जखमा, झोप, थकवा, आजार, त्या आठवड्यातली एखादी गोष्ट आणि हाताशी असलेले साधन, असे सगळे एका रात्री एकत्र येते. मृत्यूला उदात्त कारण चिकटवले की ऐकणाऱ्या एखाद्या हळव्या मुलाला वाटते, संवेदनशील माणसाचा शेवट असाच व्हायचा. ते तसे नाही. गुरुजी मोठे आहेत ते पंढरपुरामुळे, अमळनेरच्या वसतिगृहामुळे, श्यामच्या आईमुळे. ११ जूनमुळे नव्हे.

१९५० साली वैद्यक त्यांच्यासाठी काय करू शकले असते? फार थोडे. मनोविकारांवर आज ज्यांना आपण औषधे म्हणतो ती जवळजवळ नव्हती. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये नुकताच दाखवला होता. नैराश्यावरचे इमिप्रामिन १९५० च्या दशकाच्या शेवटी आले. विजेचे उपचार होते, पण ते वेड्यांच्या इस्पितळात, आणि तिथे पाय ठेवणे म्हणजे घराण्याला बट्टा. बंगळूरची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९५४ ची. इंग्लंडमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूने फोनवर ऐकून घेणारी ‘समॅरिटन्स’ संस्था काढली ती १९५३ साली. शिवाय दंडविधानाच्या ३०९ कलमाखाली जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा होता. माणूस आधी पोलिसाला घाबरणार की डॉक्टरला सांगणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे बदलले. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे. नव्या न्याय संहितेत ते कलम उरलेही नाही. तरी आजही नातेवाईक मला बाजूला घेऊन विचारतात, डॉक्टरसाहेब, केस होईल का?

आता माझी एक गोष्ट. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी नवखा होतो. रुग्णालय कोणते याला महत्त्व नाही. एक शिक्षक दाखल झाले, औषध घेतलेले. आम्ही त्यांना वाचवले. ॲट्रोपीन, सलाईन, रात्रभर जागरण, चौथ्या दिवशी ते उठून बसले. हसून बोलत, वॉर्डातल्या पोरांना पाढे विचारत. परीक्षा जवळ आली आहे, लवकर सोडा म्हणाले. मी किडनी, लिव्हर, रक्तदाब, श्वास सगळे केसपेपरवर लिहिले. तुम्ही जीव का देत होता आणि अजून तसे वाटते का, हे मी विचारले नाही. वाटले, कशाला खपली काढा. वाटले, आपण विचारले आणि पुन्हा डोक्यात आले तर? डिस्चार्ज दिला. बाराव्या दिवशी त्यांच्या गावचा एक पेशंट ओपीडीत आला, त्याच्याकडून कळले.

तो केसपेपर मी मनात पुष्कळदा वाचला आहे. त्यात एक ओळ नव्हती.

विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने धोका वाढत नाही, बहुतेकांना हलके वाटते. प्रश्न टप्प्याटप्प्याने विचारायचा असतो. झोप लागते का? उद्याचा दिवस नको वाटतो का? जगून उपयोग नाही असे येते का मनात? जीव द्यावासा वाटतो का? कसा, कधी, हे ठरवले आहे का? साधन घरात आहे का? पूर्वी असे केले होते का? आणि शेवटी, आजवर तुम्हाला कशाने थांबवले? या शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर येते ते बहुतेक वेळा पोरीचे नाव, कधी म्हशीचे. हसू नका, धारेच्या वेळी म्हैस हंबरते म्हणून उठलेला माणूस मी पाहिला आहे.

पूर्वी गुण देऊन कमी धोका, मध्यम धोका, जास्त धोका अशी चिठ्ठी लावण्याची पद्धत होती. आता ती मागे पडते आहे. कारण सरळ आहे, अशा तक्त्यांनी पुढचे भाकीत होत नाही. कमी धोक्याचे ठरवलेल्यांतूनही माणसे जातात, आणि मन तर सकाळी एक, संध्याकाळी एक. ज्यांच्यापुढे आंतरभारतीसारखे स्वप्न होते तेही गेले. म्हणून पुढची योजना बोलून दाखवली, हसला, जेवला, एवढ्यावर निश्चिंत व्हायचे नसते. भाकीत करण्याऐवजी त्या माणसाबरोबर बसून एक कागद तयार करतात. माझे बिघडू लागले हे मला कशावरून कळते, तेव्हा मी स्वतः काय करू शकतो, कोणाच्या घरी जाऊन बसू शकतो, कोणाला खरे सांगू शकतो, कोणत्या डॉक्टरला फोन करायचा आणि घरातले काय हलवायचे. कागद त्याच्याच शब्दांत लिहायचा आणि त्याच्याच खिशात ठेवायचा.

घरातले हलवणे यात आमच्या भागाचा अर्धा प्रश्न आहे. जीव द्यावा अशी तीव्र लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळे ठरते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून जास्त उतरले. शेती बंद पडली नाही. आपल्याकडे फवारणीचे उरलेले औषध माजघराच्या फळीवर, गोडेतेलाच्या शेजारी असते. ते शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. औषधाच्या गोळ्याही महिनाभराच्या एकदम न देता आठवड्याच्या द्यायच्या, आणि त्या घरातल्या माणसाने सांभाळायच्या. कोणी म्हणते, ज्याला जायचे तो जाणारच. हे खरे नाही. प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी नऊजण पुढे आत्महत्येने जात नाहीत.

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात, राज्यांमध्ये सर्वांत जास्त. नोंद न झालेल्या वेगळ्या.

रुग्णालयातून घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक असतात. माझे ते शिक्षक याच काळात गेले. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. रुग्णालयातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला अधूनमधून साधी दोन-चार ओळींची पत्रे पाठवली. तुमची आठवण आहे, वाटल्यास कळवा, एवढाच मजकूर. उपदेश नाही, अपॉइंटमेंटची आठवण नाही. पत्रे मिळालेल्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. हा अभ्यास वाचताना मला सुधाची पत्रे आठवली. ज्या माणसाला पत्राची ताकद एवढी कळत होती, त्याला त्या जूनमध्ये एखादे तसे पत्र यायला हवे होते. त्याने सगळे बदलले असते, असे मी म्हणणार नाही. शंभर चांगल्या गोष्टी करूनही काही माणसे हातून जातात आणि मागे राहिलेल्यांनी स्वतःला त्याबद्दल फाशी देत राहू नये.

आमच्या वॉर्डात आता एक वही आहे. औषध घेऊन आलेला प्रत्येक जण घरी गेला की सिस्टर दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने फोन करतात. सुरुवातीला त्या कुरकुरल्या, आमची कामे काय थोडी आहेत? आता एखादा फोन उचलत नसेल तर त्याच मला येऊन सांगतात. रात्री-अपरात्री कोणाला बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

मागच्या महिन्यात पन्नाशीचे एक शेतकरी होते. घरी जाताना खिशात कागद होता. फवारणीचे डबे त्यांच्या वहिनीने थोरल्या दिराच्या गोठ्यात कुलपात टाकले होते. आठव्या दिवशी सिस्टरांचा फोन गेला तेव्हा ते रानात होते, उचलला नाही. सिस्टर दिवसभर धुसफुसत होत्या. संध्याकाळी त्यांचाच उलट फोन आला. म्हणे, मोटर बिघडली होती, पाण्याची पाळी चुकली असती, आता बोला काय ते. दहा मिनिटे ते वायरमनलाच शिव्या देत होते. सिस्टरांनी वहीत वेळ लिहिली आणि पुढची तारीख घातली.